साटमांचं ताट आणि अमेरिकेचं नौदल

प्रभाकर रिसबूड यांनी एका गुरुवारी सकाळी, अर्धी दाढी झालेली असताना, आयुष्यात पहिल्यांदाच समोरच्याचं म्हणणं मान्य करायचं ठरवलं. पुढे जे रामायण घडलं ते एवढ्याशा निर्णयातून. एरवी ते वाद घालत, आणि त्यांच्या वादांनी आजवर कुणाचं फारसं वाकडं झालेलं नव्हतं (एक चुलतभाऊ बोलत नाही आणि सोसायटीच्या एका सेक्रेटरीने राजीनामा देऊन गाव गाठलं, तेवढं सोडलं तर).

रिसबूड डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर राहत. लष्कराच्या एका भांडारात कारकून म्हणून चिकटले आणि तिथेच मुख्य कारकून होऊन निवृत्त झाले. बंदुकीशी त्यांचा संबंध यादीतल्या अनुक्रमांकापुरता. पण गल्लीत त्यांना ‘मिलिटरीवाले रिसबूड’ म्हणत. दुसऱ्याची चूक न विचारता दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थांनी तेवढी एक चूक कधी दुरुस्त केली नाही.

त्यांचा आवडता शब्द ‘कशावरून?’ भूत, मंगळ, साडेसाती, उडत्या तबकड्या, कुणी काही म्हणायचा अवकाश, रिसबुडांचं ‘कशावरून?’ आलंच. डोंबिवलीच्या एका साप्ताहिकात वाचकांच्या पत्रांचं सदर होतं, ते म्हणजे जवळजवळ रिसबुडांचंच सदर होतं.

तर त्या गुरुवारी त्यांची मुलगी नीरजा न्हाणीघराच्या दारात येऊन उभी राहिली.

“बाबा, अपूर्वचे आईबाबा रविवारी येतायत. बैठकच समजा. एक सांगू? चिडू नका.”

“मी कधी चिडतो?”

“अपूर्वच्या बाबांचा ना... एलियन्सवर विश्वास आहे. म्हणजे फुल विश्वास. अमेरिकेच्या मिलिटरीच्या डॉक्युमेंट्समध्ये सगळं मान्य केलंय म्हणतात. ते टेरेसवर दुर्बीण लावून बसलेले असतात.”

रिसबुडांचा रेझर हनुवटीपाशी थांबला. ‘कशावरून?’ ओठांवर आलंच होतं, पण तेवढ्यात नीरजाच्या खांद्यावरून चित्राबाईंचा चेहरा दिसला.

“अहो, मागच्या स्थळाच्या वेळचं आठवतंय ना?” चित्राबाई म्हणाल्या. “मुलाचे काका मंगळाबद्दल एक वाक्य बोलले. एक! मंडळी चहासुद्धा न घेता गेली. या वेळी मुलगा तिने स्वतः पसंत केलाय. आता जर तुम्ही वाद घातलात तर मी बॅग भरून दिवा गावाला आमच्या भाऊकडे राहायला जाईन.”

भाऊच्या बिल्डिंगला टँकरचं पाणी आणि लिफ्ट कायमची बंद. बादल्या घेऊन पाच मजले चढायची तयारी असलेली बाई गंमत करत नसते, हे रिसबुडांना कळत होतं.

“बरं. गप्प बसेन.”

“गप्प नको ना बाबा,” नीरजा कळवळून म्हणाली. “तुम्ही गप्प बसलात की जास्त टेन्शन येतं. फक्त हो म्हणा. प्लीज.” तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं, आणि मुलीच्या डोळ्यांतल्या पाण्याला ‘कशावरून?’ विचारण्याइतके रिसबूड कठोर नव्हते.

हो म्हणायचं ठरलं. पण रिसबुडांनी उभ्या जन्मात कुठलीच गोष्ट अर्धवट केली नव्हती. नुसतं हो म्हणण्यात काय पुरुषार्थ! अभ्यास करून हो म्हटलं पाहिजे. ते खात्याच्या परीक्षेला बसल्यासारखे तयारीला लागले. कानात इअरफोन घालून दिवसभर व्हिडिओ ऐकू लागले (चित्राबाईंना वाटलं, कीर्तन ऐकतायत, त्यांना भरून आलं). अमेरिकेच्या नौदलाच्या वैमानिकांनी टिपलेली ती काळीपांढरी चित्रं त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिली. ती चित्रं खरी असल्याचं तिथल्या लष्कराने म्हटलंय, आतल्या वस्तूची ओळख पटलेली नाही असंही म्हटलंय, हे पाठ केलं.

पाठ करताना आतला रिसबूड उसळायचा. ओळख पटली नाही म्हणजे परग्रहावरचं कसं? आमच्या भांडारात ओळख न पटलेल्या सामानाने एक अख्खी खोली भरली होती, ते काय शुक्रावरून आलं होतं? आणि लष्कराचा कागद! भांडारातली खेचरं देवाघरी गेल्यावरही कितीतरी महिने कागदावर चारा खात होती, हे रिसबुडांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण त्यांनी आतल्या रिसबुडाचं तोंड दाबलं आणि पुढचा व्हिडिओ लावला.

रविवारी दुपारी अपूर्वकडची साटम मंडळी ठाण्याहून आली. विठ्ठलराव साटम टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, भरघोस मिश्या, कोकणी हसरा चेहरा. पण आज ते बिचकल्यासारखे दिसत होते. आपल्या लष्करी पार्श्वभूमीचा दबदबा पडला असावा, असं रिसबुडांनी मनाशी धरलं. बरोबर त्यांच्या पत्नी जयाताई आणि अपूर्व. अपूर्व हा ‘हो काका’ एवढंच बोलणारा गुणी मुलगा होता.

बैठक इतकी गोड झाली की नीरजाला धडकी भरली.

“हॉल तुमच्या ठाण्याला घेऊ,” रिसबूड म्हणाले.

“छे छे, मुलीकडच्यांची सोय आधी. डोंबिवलीलाच,” विठ्ठलराव म्हणाले.

“असं कसं? ठाण्यालाच.”

“नाय हो साहेब, डोंबिवली म्हणजे डोंबिवली.”

मानपानाचा विषय तर दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवून मिटवला. मग जयाताईंनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेलं चांदीचं ताट काढलं. ताट त्यांच्या सासूबाईंचं. “आमच्या घरातल्या प्रत्येक सुनेची ओटी ह्याच ताटातून भरलीय,” त्या म्हणाल्या. “माझीपण. हे ताट समोर असल्याशिवाय आमच्यात सून घरची झाली असं मानतच नाहीत.” पण गाडीत हळदीकुंकवाची डबी उघडून ताट लालपिवळं झालं होतं. जयाताईंनी ते स्वयंपाकघरात विसळलं, निथळायला ताटाळ्यात ठेवलं आणि त्या चित्राबाईंबरोबर साड्या बघायला आतल्या खोलीत गेल्या. नीरजाही मागोमाग गेली. जाताना तिने वडिलांकडे पाहिलं. रिसबुडांनी तिला डोळ्यांनीच धीर दिला (तो तिला मिळाला नाही).

बाहेर उरले दोन बाप, अपूर्व आणि मटारच्या करंज्या. विठ्ठलराव करंज्यांची तारीफ करत राहिले. रिसबुडांना ते सहन होईना. एवढा अभ्यास केला आणि प्रश्नच विचारत नाहीत म्हणजे काय?

“काहीही म्हणा साटमसाहेब,” त्यांनी घसा साफ केला, “अखेर अमेरिकेच्या लष्कराला मान्य करावंच लागलं.”

विठ्ठलरावांची करंजी तोंडापाशीच थांबली. त्यांनी अपूर्वकडे पाहिलं. अपूर्वने पंख्याकडे पाहिलं.

“काय मान्य करावं लागलं?”

“तेच. परग्रहावरची यानं.”

विठ्ठलरावांनी करंजी खाली ठेवली. “छ्या! कसली यानं न् कसलं काय. फुगे असतात ते, साहेब. हवामान खात्याचे.”

रिसबूड चक्रावले. पण लगेच त्यांच्या ध्यानात आलं, की हा विनय आहे. दुसऱ्याच्या घरी जाऊन स्वतःचं मत पुढे करायचं नाही, अशी कोकणी माणसाची रीत असणार. मग यजमानाचंही काही कर्तव्य आहेच.

“फुगा काय वाऱ्याच्या उलट जातो? नौदलाचे वैमानिक फुगा ओळखत नाहीत? अहो, त्यांनी स्वतः ते व्हिडिओ खरे आहेत म्हणून सांगितलंय!”

“व्हिडिओ खरे हायत म्हटलंय. आत काय हाय ते कळलं नाय म्हटलंय. कळलं नाय म्हणजे काय मंगळावरनं आलं?”

हे रिसबुडांचं स्वतःचं वाक्य होतं! गेली कित्येक वर्षं हे वाक्य दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायला ते आसुसले होते, आणि ते आलं तेव्हा नेमकी त्यांना विरुद्ध बाजू सांभाळायची होती. पण रिसबुडांच्या बाबतीत बाजूचं महत्त्व तसं कमीच. समोरचा ‘नाही’ म्हणाला की त्यांचं ‘हो’ आपोआप चढायला लागायचं. हां हां म्हणता ते खरोखर चिडले.

“त्यांच्या एवढ्या फायली आहेत, एवढे अहवाल आहेत, ते काय उगाच?”

“सरकारी फायलींचं तुम्ही मला सांगताय? मी टेलिफोनमधला माणूस हाय. आमच्याकडं नसलेल्या खांबांची दुरुस्ती व्हायची कागदावर!”

“तुमचं टेलिफोन खातं वेगळं. लष्कराचा कागद कधी खोटं बोलत नाही!” रिसबूड गरजले.

आतल्या खोलीत चित्राबाईंनी हे वाक्य ऐकलं आणि नवऱ्याला ताप चढला असावा असं त्यांना वाटलं. पण ‘कशावरून?’ ऐकू आलं नव्हतं, म्हणजे वाद नसावा, म्हणून त्या पुन्हा पैठणीकडे वळल्या.

“साहेब, साधी गोष्ट हाय,” विठ्ठलरावही आता उभे राहिले होते. “एखादी चकचकीत थाळी हवेत भिरकावली आणि मोबाइलवर शूटिंग केलं ना, तर ती पण तश्शीच दिसंल. पांढरा ठिपका. झाली तबकडी!”

“अशक्य! थाळी थाळीच दिसेल.”

“दिसणार नाय.”

“दाखवतो ना. अपूर्व, खाली जा. दिवाणावरची चादर घे आणि कंपाउंडमध्ये ताणून धर. मी गॅलरीतून टाकतो, तू झेल.”

“हो काका,” अपूर्व म्हणाला आणि चादर घेऊन गेला. वॉचमनला हाताशी धरून, दोन्ही टोकं ताणून, भावी सासऱ्यांकडे मान वर करून तो उभा राहिला. विठ्ठलरावांनी मोबाइल सरसावला. रिसबूड तरातरा स्वयंपाकघरात गेले. ताटाळ्यात घरच्या स्टीलच्या थाळ्या होत्या, पण त्या जुन्या, मळकट चमकेच्या. प्रयोग चोख व्हायला हवा म्हणून त्यांनी त्यातली सगळ्यात लखलखीत थाळी उचलली.

रिसबुडांनी लहानपणी क्रिकेट खेळताना फेकलेला चेंडू कधी ज्याच्याकडे फेकला त्याच्याकडे गेला नव्हता. ही गोष्ट त्यांना थाळी हातातून सुटल्यावर आठवली. थाळी आधी वर गेली, उन्हात लखकन चमकली, अपूर्वच्या आणि चादरीच्या डोक्यावरून दिमाखात निघाली, कंपाउंडची भिंत ओलांडली आणि रस्त्यावरून चाललेल्या एका टेम्पोत जाऊन पडली. टेम्पोत लालभडक कोऱ्या गाद्या रचलेल्या होत्या. आवाजसुद्धा झाला नाही. टेम्पो आपल्या वाटेने निघून गेला.

“बघा! ठिपका!” विठ्ठलराव मोबाइलमध्ये बघून ओरडले. “म्हटलं नव्हतं? नुसता पांढरा ठिपका!”

त्याच वेळी मागून जयाताईंचा आवाज आला. “अहो, ताटाळ्यात ठेवलेलं आईंचं ताट कुणी घेतलं का?”

रिसबुडांनी टेम्पो गेला त्या दिशेला बोट दाखवलं आणि घडलेलं सांगितलं. मग जयाताई मटकन खुर्चीत बसल्या. त्या भांडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, “आता ओटी कशात भरू?” नीरजाने आत जाऊन दार लावून घेतलं. रिसबुडांना त्या बंद दाराकडे बघवेना. आपल्या हाताने आपण मुलीचं लग्न गॅलरीतून फेकलं, असं त्यांना वाटलं.

“साटम, चला!” एवढंच म्हणून ते जिन्याकडे धावले. विठ्ठलराव मागोमाग. साटमांच्या गाडीमागे सोसायटीतल्या कुणीतरी आपली गाडी लावून ठेवली होती, तेव्हा कोपऱ्यावरची रिक्षा पकडून, रिक्षावाल्याला सगळा प्रकार सांगत दोघं निघाले. लाल गाद्या लांबवर दिसत होत्या. शीळ रोडला लागताच सगळी वाहनं ठप्प झाली. टेम्पो पुढे थोड्या अंतरावर अडकलेला, रिक्षा मागे, आणि मधे एवढी गर्दी की उतरून पळायलाही जागा नाही.

रिक्षात दोघं आपापल्या बाजूने बाहेर बघत बसले. बऱ्याच वेळाने विठ्ठलरावांनी मोबाइल काढून ती चित्रफीत पुन्हा पाहिली आणि मोठा सुस्कारा सोडला.

“जिंकलात तुम्ही,” रिसबूड पडेल आवाजात म्हणाले. “आता कशाला बघताय?”

“कसला जिंकलो हो. वाईट वाटतंय मला.” विठ्ठलरावांनी मोबाइल खिशात टाकला. “खरं सांगू साहेब? माझा विश्वास हाय. यानांवर. येऊरच्या डोंगरावर मी स्वतः उजेड बघितलेला. पण घरच्यांनी दम दिलेला, की नीरजाचे बाबा मिलिटरीतले, त्यांना असलं काही चालत नाय, ते डोकं खातील. म्हणून विरुद्ध बाजूचं सगळं पाठ करून आलो. चार वाक्यं बोलायची आणि सुटायचं, असं ठरवलेलं. तर तुम्हीच माझी बाजू घेऊन बसलात!”

रिसबूड त्यांच्याकडे वळले.

“म्हणजे ते फुगे...”

“अपूर्वनं पाठ करून घेतलेले माझ्याकडनं.”

“साटम,” रिसबूड म्हणाले, “माझा कणभर विश्वास नाही. मला चित्राने दम दिला होता.”

रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं. “म्हणजे घरी तुम्ही दोघं एकमेकांचं भांडण भांडत होतात? मग ताट नक्की कुणासाठी फेकलं?”

दोघं हसले, आणि ट्रॅफिक सुटायच्या आत विठ्ठलरावांनी ‘साहेब’ सोडून ‘व्याहीबुवा’ सुरू केलं होतं. लग्न मात्र अजून लाल गाद्यांवर होतं.

टेम्पो दिव्याच्या गल्ल्यांत शिरला तेव्हा तो नजरेआड झाला. सापडला तो एका नव्या बिल्डिंगसमोर, पूर्ण रिकामा. गाद्या पाचव्या मजल्यावर गेल्या होत्या. लिफ्टचं अजून नुसतं भोक होतं. धापा टाकत दोघं वर पोचले तर दारात चपलांचा ढीग, आत उदबत्तीचा वास आणि शेजारपाजारच्या बायकांची रांग. देवासमोर पाटावर साटमांचं चांदीचं ताट, त्यावर नारळ, भोवती फुलं.

घर रंगूबाई नावाच्या एका ठसठशीत बाईंचं होतं. आज त्यांचा गृहप्रवेश. टेम्पो त्यांचा भाचा तानाजीचा.

“बाई, ते ताट आमचं आहे,” रिसबूड म्हणाले.

“तुमचं कसं? वरनं पडलंय ते. गृहप्रवेशाच्या दिवशी, माझ्या कोऱ्या गादीवर. सारी बिल्डिंग पाया पडून गेली.”

“आम्ही फेकलं होतं.”

“चांदीचं ताट?”

“हो.”

“का?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. अखेर विठ्ठलराव म्हणाले, “त्याचं काय झालं, अमेरिकेच्या मिलिटरीचं एक प्रकरण हाय...”

“तानाजी,” रंगूबाई भाच्याला म्हणाल्या, “ह्यास्नी पाणी दे. उन्हातनं आल्यात.”

पाणी आलं. दिव्यात पाहुण्याला पेलाभर पाणी मिळणं म्हणजे मोठाच मान होता, पण ताट काही हलेना. विठ्ठलरावांनी मोबाइल पुढे केला. “हे बघा शूटिंग. हे ताट उडतंय.”

रंगूबाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. “ह्यात ताट कुठंय? पांढरा ठिपका दिसतोय. चिलट असंल.”

“अहो, ते ताटच आहे!” रिसबूड कळवळून ओरडले.

“कशावरनं?”

जन्मभर दुसऱ्यांवर सोडलेला हा शब्द पहिल्यांदाच स्वतःच्या छातीवर येऊन बसला, आणि तो इतका लागतो हे रिसबुडांना तेव्हा कळलं.

“मागं नाव बघा, नाव!” विठ्ठलरावांना एकदम सुचलं. “ताटाच्या मागं माझ्या आईचं नाव घातलंय. रुक्मिणी.”

तानाजीने नारळ उचलला, ताट उलटं केलं. नाव होतं. रंगूबाईंनी ते वाचलं आणि दोन्ही हात जोडले.

“रखुमाई! बघा गं बायांनो, रखुमाईनं धाडलंय!”

“अहो, माझी आई ती!”

“तुमचं नाव काय?”

“विठ्ठल.”

रंगूबाईंनी त्यांच्याकडे कीव येऊन पाहिलं. “रखुमाई विठ्ठलाची आई व्हय? दादा, खोटं बोलायचं तर नीट तरी बोलावं.” बायकांची रांग हसली. विठ्ठलराव रडकुंडीला आले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. जयाताई होत्या. विठ्ठलरावांनी सगळी आशा सोडून फोन रंगूबाईंच्या हातात दिला. पलीकडून जयाताई काय बोलल्या ते कळलं नाही, पण रंगूबाईंचा चेहरा बघता बघता बदलला.

“सुनेच्या ओटीचं ताट हाय होय!” फोन ठेवून त्या म्हणाल्या. “आदी का नाही सांगितलं? दोगं बाप्ये मगाधरनं अमेरिका अमेरिका करत्यात!” त्यांनी स्वतः ताट पुसलं, त्यात खण आणि नारळ ठेवला. “पोरीला माझ्याकडनं. पण एक हाय. अर्ध्या दिव्यानं हे ताट माझ्या घरी बगितलंय. उद्या कोन म्हनलं, रंगूबाईनं चोरलं म्हणून पोलीस घेऊन गेले, तर? मला लिहून द्या. ताट आपसूक वरनं आलं, माझा काय दोष न्हाई.”

“मी लिहितो,” रिसबूड म्हणाले. मुलीच्या ओटीसाठी ते त्या क्षणी काहीही लिहायला तयार होते. तानाजीने कागद दिला. कागद समोर आल्यावर मुख्य कारकुनाची लेखणी आपोआप चालू लागली. ‘डोंबिवली येथील आमच्या गॅलरीतून’ अशी त्यांनी सुरुवात केली, पण रंगूबाई अक्षर अक्षर वाचून घेत होत्या.

“गॅलरी कशाला? उद्या म्हनाल, बाईनं गॅलरीतनं उचललं. खोडा.”

गॅलरी खोडली गेली. मग ‘फेकले’ खोडलं गेलं, कारण फेकलेलं घेतलं म्हणजे भंगार वेचलं असा अर्थ निघतो. ‘ताट’ही खोडलं गेलं, कारण ताट म्हटलं की मालक आला. शेवटी जे उरलं ते असं: ‘प्रमाणित करण्यात येते की, आज रोजी दुपारी डोंबिवलीच्या दिशेकडून आकाशमार्गे आलेली एक चकचकीत गोल वस्तू दिवा येथील गाद्यांवर आपोआप उतरली. सदर वस्तूच्या येण्यात कोणाही स्थानिक व्यक्तीचा हात नाही.’

“आता सही. आणि हुद्दा घाला. हुद्द्याबिगर कागदाला किंमत न्हाई.”

रिसबुडांनी ‘निवृत्त, लष्करी भांडार’ असं लिहिलं. सहीच्या वेळी मात्र त्यांचा हात अडला. असल्या कागदावर आपलं नाव? मग त्यांनी शक्कल लढवली. अशी काही वेलांटीबाज, घोटीव, लपेटदार सही ठोकली की खुद्द चित्राबाईंनाही ती वाचता आली नसती. या हुशारीवर ते मनातून बेहद्द खूश झाले. विठ्ठलरावांनी कागदाचा मोबाइलवर फोटो काढला. “आठवण म्हणून,” ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत जी चमक होती तिच्याकडे रिसबुडांनी लक्ष दिलं नाही.

संध्याकाळी त्याच ताटातून नीरजाची ओटी भरली गेली. रंगूबाईंचा खणही ओटीत गेला. नीरजा वाकून नमस्कार करायला आली तेव्हा रिसबुडांना हुंदका आवरेना, आणि तो त्यांनी आवरलाही नाही. चित्राबाईंनी त्यांच्या हातात रुमाल दिला. “मी जाणार होते दिव्याला,” त्या म्हणाल्या. “जाऊन आलात तुम्ही.”

लग्न थाटात झालं (ठाण्याला, तो वाद चिठ्ठ्या टाकून मिटवला). मग रिसबुडांना बऱ्याच दिवसांची तुंबलेली हौस भागवायची होती. त्यांनी साप्ताहिकाला एक सणसणीत पत्र लिहिलं. जगातल्या कुठल्याही लष्कराच्या कुठल्याही कागदाने परग्रहावरच्या यानांना मान्यता दिलेली नाही, ज्यांनी दिली असेल त्यांनी कागद दाखवावा, असं त्यात ठणकावून विचारलं होतं. पत्र छापून आलं नाही. रिसबुडांनी संपादकांना फोन लावला.

“रिसबूडसाहेब, पत्र झकास आहे हो,” संपादक म्हणाले. “पण जरा अडचण झालीय. याच विषयावर आमच्याकडे ठाण्याहून पुरावा आलाय. चकचकीत गोल वस्तू, आकाशमार्गे, आपोआप उतरली. खाली लष्करातल्या निवृत्त माणसाची सही, हुद्द्यासकट! या अंकात पहिल्या पानावर घेतोय.”

“सही कुणाची?”

“नाव लागत नाही. पण काय सही आहे! बघताक्षणी कळतं, मोठा अधिकारी असणार. आता तुम्ही आपले आमचे जुने वाचक, पण अशा माणसाच्या शब्दापुढे तुमचं पत्र कसं छापू? बरं दिसत नाही ते.”

“अहो!” रिसबूड अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले. “ती सही माझी आहे! मीच तो!”

संपादकांनी अगदी सौम्यपणे विचारलं, “कशावरून?”